माजी खेळाडूंची साक्ष

रविवार, ९ मार्च २००८. चिलीची राजधानी सांतियागो इथे ऑलिंपिक पात्रता स्पर्धेचा अंतिम सामना झाला आणि ग्रेट ब्रिटनने भारताच्या हॉकी संघाला २-० असे हरवले. दोन्ही गोल पहिल्या दहा मिनिटांतले. एक बॅरी मिडलटनचा, दुसरा रिचर्ड मँटेलचा. हॉकीचा सामना तेव्हा सत्तर मिनिटांचा असे. म्हणजे चूक दुरुस्त करायला भारताच्या हाती पुरा तास होता आणि त्या तासात एकही गोल झाला नाही. आपल्याकडे सोमवार उजाडता उजाडता बातमी आली. १९२८च्या ॲमस्टरडॅमपासून भारताचा संघ नाही असे एकही ऑलिंपिक झाले नव्हते. आठ सुवर्णपदकांचा हा देश बीजिंगला हॉकीविनाच जाणार होता.

त्या सोमवारी वर्तमानपत्रांच्या क्रीडा विभागांत जे झाले, त्याची एक ठरलेली पद्धत आहे. माजी ऑलिंपियनांचे नंबर असलेली वही काढायची, एकेकाला फोन लावायचा, आणि प्रत्येकाच्या तोंडचे दोन-तीन वाक्यांचे मत चौकटीत बसवायचे. मंगळवारचे अंक अशा चौकटींनी भरले. काळा दिवस, शरमेची गोष्ट, हॉकी महासंघाचे अध्यक्ष गिल यांनी जावे. शब्द थोडेफार इकडेतिकडे, आशय एकच. धनराज पिल्ले, परगट सिंग, अस्लम शेर खान आणि इतर अनेक जण एका सुरात बोलत होते.

इतिहास लिहिणाऱ्याला अशा चौकटी फार मोहात पाडतात. बोलणारे नामवंत असतात, त्यांनी तोच खेळ तेच कपडे घालून खेळलेला असतो, आणि ते रागावलेले असतात. पण राग हा पुरावा म्हणून वापरायचा तर बोलणारा कोण, तो कोणावर रागावला, आणि केव्हापासून, हे आधी पाहावे लागते. सांतियागोच्या बाबतीत ते पाहता येते. स्पर्धांचे निकाल नोंदलेले आहेत, भारतीय ऑलिंपिक संघटनेचे निर्णय आहेत, दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल आहे, एका निवडणुकीची मतसंख्या आहे. हे सगळे कालक्रमाने लावले की त्या चौकटींचा अर्थ बराच बदलतो.

आधी रोख कोणावर होता ते पाहू. मैदानात हरला तो संघ, कर्णधार प्रबोध तिर्की, प्रशिक्षक जोकिम कार्व्हालो. पण टीकेचा मुख्य मारा झाला तो भारतीय हॉकी महासंघाचे अध्यक्ष के. पी. एस. गिल यांच्यावर. पंजाबचे माजी पोलीस महासंचालक, दहशतवाद मोडून काढणारे अधिकारी म्हणून देशभर नाव झालेले गिल १९९४पासून त्या खुर्चीवर होते. कार्व्हालोंनी पराभवाची जबाबदारी घेऊन लगेच पद सोडले. महासंघाचे उपाध्यक्ष नरिंदर बात्रा यांनीही राजीनामा दिला. गिल मात्र हलले नाहीत. इन्स्टंट कॉफीच्या यंत्रातून निघावेत तसे निकाल झटपट मिळत नसतात, अशा अर्थाचे त्यांचे उत्तर सगळीकडे छापून आले. चौदा वर्षांना झटपट म्हणायचे का, हे विचारायला मग व्यंगचित्रकारांची गरज उरली नाही.

संसदेचे अर्थसंकल्पी अधिवेशन चालू होते, तिथेही पडसाद उमटले. तेव्हाचे क्रीडामंत्री मणिशंकर अय्यर हे तमिळनाडूतल्या मयिलादुथुरैचे खासदार. पुढच्याच महिन्यात क्रीडाखाते त्यांच्याकडून एम. एस. गिल यांच्याकडे गेले. तेव्हापासूनच्या बातम्या वाचताना हे गिल कोणते आणि ते गिल कोणते, हे दोनदा तपासूनच पुढे जावे लागते.

आता बोलणाऱ्यांकडे वळू. सर्वांत मोठा आवाज धनराजचा होता, आणि त्याच्या आवाजाची मुळे पुण्यात खडकीला आहेत.

खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत १६ जुलै १९६८ रोजी धनराजचा जन्म झाला. घर तमिळ, वडील नागलिंगम कारखान्याच्या मैदानाची निगा राखणारे. आई अंडालम्मा यांनी पाचही मुलांना हॉकी खेळू दिली. नवी स्टिक परवडणारी नव्हती. मोडलेल्या स्टिक आणि इतरांनी टाकून दिलेले चेंडू हेच सामान, आणि कारखान्याचे मऊ, चिखलट मैदान. त्या मैदानावर चेंडू सरळ येत नाही. तो उसळतो, अडतो, वळतो. धनराजच्या धावेतली ती प्रसिद्ध घाई, चेंडू सुटायच्या आत माणूस चुकवण्याची सवय, तिथली असावी असे मला वाटते. मात्र हा माझा तर्क. थोरला भाऊ रमेश मुंबईत आरसीएफकडून खेळत होता आणि भारताकडूनही खेळला होता. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला धनराज त्याच्याकडे मुंबईला आला, पुढे महिंद्र अँड महिंद्रच्या संघात गेला. तिथे त्याला शिकवणारा माणूस होता जोकिम कार्व्हालो.

हा दुवा मंगळवारच्या चौकटींत कुठे दिसत नाही. सांतियागोत बाकावर बसलेला प्रशिक्षक आणि इकडे सर्वांत कडक बोलणारा माजी कर्णधार हे एकाच मुंबई लीगमधले गुरू-शिष्य होते. कार्व्हालो १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये खेळलेले, म्हणजे तेही माजी खेळाडूच. इतकेच नाही, सहा महिन्यांपूर्वी ते स्वतः व्यवस्थेवर जाहीर टीका करणाऱ्यांत होते. सप्टेंबर २००७मध्ये त्यांच्या संघाने चेन्नईत आशिया चषक जिंकला, अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला ७-२ अशी धूळ चारली. दोन आठवड्यांनी क्रिकेट संघाने पहिला टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला आणि राज्य सरकारांच्या बक्षिसांचा पाऊस पडला. हॉकीच्या वाट्याला काहीच नाही, म्हणून कार्व्हालो आणि संघातल्या कर्नाटकच्या खेळाडूंनी बंगळुरूत उपोषणाला बसण्याचा इशारा दिला होता. ‘चक दे इंडिया’ ऑगस्टमध्येच पडद्यावर आला होता. थिएटरात लोक हॉकीसाठी टाळ्या वाजवत होते आणि आशियाचे विजेते उपोषणाची भाषा बोलत होते.

चेन्नईच्या विजयाबद्दल आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. त्या चषकाने ऑलिंपिकचे तिकीट मिळत नव्हते. ते मिळायचे ठिकाण आधीच मागे पडले होते.

ते ठिकाण दोहा. डिसेंबर २००६च्या आशियाई स्पर्धेत जो जिंकेल तो थेट बीजिंगला, असा नियम होता. भारत आपल्या गटात चीनकडून २-३ असा हरला, दक्षिण कोरियाशी १-१ अशी बरोबरी झाली, आणि उपांत्य फेरीच हुकली. अखेर पाचवा क्रमांक. १९५८मध्ये आशियाई स्पर्धेत हॉकी आली तेव्हापासून भारत पदकाशिवाय परतला नव्हता. तो दोहाहून परतला. त्याच्या तीनच महिने आधी जर्मनीतल्या मोन्शेनग्लाडबाखच्या विश्वचषकात संघ बारा देशांत अकरावा आला होता. तेव्हा प्रशिक्षक होते १९८०च्या मॉस्को सुवर्णविजेत्या संघाचे कर्णधार, चेन्नईचे वासुदेवन भास्करन. माजी खेळाडूच्या हाती संघ दिला की सगळे सुरळीत होते, या समजाला हे निकाल काही आधार देत नाहीत.

दोहानंतर टीका झाली, पण देश हलला नाही. सांतियागोला जाण्याची वेळ का आली, हे त्या पंधरा महिन्यांत फारसे कोणी विचारले नाही. सांतियागोत दोनच बलवान संघ होते, भारत आणि ब्रिटन. मेक्सिकोविरुद्ध भारताने १८ गोल केले यावरून बाकीच्यांची ताकद कळते. गटसामन्यातही भारत ब्रिटनकडून २-३ असा हरलाच होता. म्हणजे अंतिम सामन्याला उतरताना ज्याने नुकतेच हरवले होते त्याच प्रतिस्पर्ध्याला हरवणे भाग होते, आणि तिकीट एकच होते. अशा जुगारावर ऐंशी वर्षांची परंपरा लावावी लागली, हेच खरे अपयश. ते ९ मार्चला झाले नाही. माजी खेळाडूंच्या साक्षीत काळा दिवस म्हणून ९ मार्चची नोंद आहे. निकालांच्या कोष्टकात तो दिवस डिसेंबर २००६मध्ये सापडतो.

मग धनराज फक्त सांतियागोवर रागावला होता का? इथे आणखी मागे, १९९८च्या डिसेंबरमध्ये बँकॉकला जावे लागते.

बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत धनराज कर्णधार होता आणि एम. के. कौशिक प्रशिक्षक. अंतिम सामना दक्षिण कोरियाशी. बरोबरी सुटेना, टायब्रेकर आला, गोलरक्षक आशिष बल्लाळ भिंतीसारखा उभा राहिला, आणि भारताने सुवर्णपदक जिंकले. १९६६नंतर पहिले, बत्तीस वर्षांनी. याच पदकाने २०००च्या सिडनी ऑलिंपिकचे थेट तिकीट मिळाले. पात्रता स्पर्धेची पायरी चढावीच लागली नाही. दोहात जे हुकले, ते बँकॉकमध्ये या संघाने मिळवून दिले होते.

त्यानंतर दोन महिन्यांत, पाकिस्तानविरुद्धच्या कसोटी मालिकेसाठी संघ जाहीर झाला तेव्हा त्यात धनराज नव्हता. बल्लाळ नव्हता. आणखी काही ज्येष्ठ खेळाडू नव्हते. कौशिक यांचे प्रशिक्षकपदही गेले. महासंघाचे अधिकृत म्हणणे, थकलेल्या खेळाडूंना विश्रांती दिली. हॉकी वर्तुळात सगळ्यांना ठाऊक असलेले कारण वेगळे होते. या खेळाडूंनी सामन्याच्या मानधनाचा विषय काढला होता. धनराज पुढे परतला, सिडनीला आणि अथेन्सलाही गेला. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार आशियाई स्पर्धा आणि चार चॅम्पियन्स करंडक अशी त्याची कारकीर्द २००४मध्ये संपली. पण १९९९चा तो घाव त्याने कधी लपवला नाही. संदीप मिश्र यांनी लिहिलेले त्याचे चरित्र ‘फर्गिव्ह मी अम्मा’ २००७ साली प्रसिद्ध झाले, सांतियागोच्या आधी. महासंघाशी त्याचे भांडण तेव्हाच पुस्तकाच्या कव्हरात बांधलेले होते.

म्हणून २००८ची धनराजची साक्ष तटस्थ नाही. तो फिर्यादी आहे. फिर्यादीचे म्हणणे खोटेच असते असे नाही, पण ते फिर्यादीचे म्हणूनच नोंदावे लागते. आणि या फिर्यादीला साक्षीदार कमी नाहीत. गिल यांच्या कारकिर्दीतल्या प्रशिक्षकांची यादीच पाहा. सेड्रिक डिसूझा यांना २००२च्या क्वालालंपूर विश्वचषकात स्पर्धा चालू असतानाच काढले. संघ दहावा आला. थोरल्या राजिंदर सिंग यांना अथेन्स ऑलिंपिक काही आठवड्यांवर आले असताना दूर करून जर्मनीच्या गेरहार्ड राख यांना आणले, सातवा क्रमांक. मग दुसरे राजिंदर सिंग, मग पुन्हा भास्करन, मग कार्व्हालो. जिंकला तरी काढला, हरला तरी काढला. खेळाडूंना आपण कोणाच्या पद्धतीने खेळतो आहोत हेच कळायला अवधी मिळत नव्हता. यावर धनराज दहा वर्षे बोलत होता. बातमी मात्र सांतियागोनंतर झाली, कारण फोनच तेव्हा केला गेला.

टीकाकारांच्या यादीत मुंबईच्या विरेन रस्किनाचीही नोंद व्हायला हवी, जरी त्याचा आवाज फार मोठा नव्हता. अथेन्सला खेळलेला, मधल्या फळीतला हा खेळाडू जानेवारी २००८मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, हॉकी सोडून हैदराबादला व्यवस्थापन शिकायला गेला. सांतियागो तेव्हा दोन महिन्यांवर होते. पस्तिशीपर्यंत खेळणाऱ्या पिढ्यांनंतरचा एक शिकलेला खेळाडू ऐन पात्रता स्पर्धेआधी हिशेब मांडतो आणि निघून जातो, ही कोणत्याही चौकटीतल्या दोन वाक्यांहून बोलकी टीका आहे.

एप्रिलमध्ये प्रकरणाने वळण घेतले. २१ तारखेला ‘आज तक’ने छुप्या कॅमेऱ्याने केलेले चित्रण दाखवले. महासंघाचे सरचिटणीस के. ज्योतिकुमारन एका खेळाडूला संघात घेण्यासाठी पैसे स्वीकारत आहेत, असा वाहिनीचा आरोप होता. त्यांनी तो नाकारला, पण पद सोडले. आठवड्याभरात, २८ एप्रिलला, भारतीय ऑलिंपिक संघटनेने हॉकी महासंघच निलंबित केला. संघटनेचे अध्यक्ष होते सुरेश कलमाडी, पुण्याचे खासदार. आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाचाही दबाव होता. २०१०चा विश्वचषक दिल्लीला व्हायचा होता, आणि पुरुष व महिला हॉकीसाठी देशात एकच संघटना हवी, ही त्यांची जुनी अट होती. चौदा वर्षांत माजी खेळाडूंच्या टीकेने जे झाले नाही, ते एका चित्रफितीने आठ दिवसांत केले.

कारभार पाहायला हंगामी समिती नेमली गेली. तिच्यात पाच जण होते आणि पाचही माजी खेळाडू. अध्यक्ष अस्लम शेर खान, सोबत अशोककुमार, अजितपाल सिंग, झफर इक्बाल आणि धनराज पिल्ले.

ही नावे जरा जवळून पाहण्यासारखी आहेत. १९७५चा क्वालालंपूर विश्वचषक भारताने जिंकला, आजवरचा एकमेव. त्याचा कर्णधार अजितपाल. अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध निर्णायक गोल करणारा अशोककुमार, म्हणजे ध्यानचंद यांचा मुलगा. आणि त्याआधी उपांत्य सामन्यात मलेशियाविरुद्ध भारत १-२ असा मागे असताना, शेवटच्या काही मिनिटांत बदली म्हणून उतरलेला अस्लम. पेनल्टी कॉर्नर मिळाला, त्याने गळ्यातल्या ताइताचे चुंबन घेतले आणि चेंडू मारला. बरोबरी झाली, मग जादा वेळेत भारत जिंकला. पाचांतले तिघे त्या एका आठवड्याचे मानकरी. चौथा झफर इक्बाल, मॉस्कोचा सुवर्णविजेता.

पण हे चौघेही गिल अध्यक्ष होण्याच्या कितीतरी आधी निवृत्त झाले होते. ज्या महासंघावर टीका करायची, त्याच्या हाताखाली खेळलेला समितीत एकच, धनराज. चौघांच्या टीकेमागे गेलेल्या वैभवाची खंत होती, आणि धनराजच्या टीकेमागे स्वतःवर झालेला अन्याय. मार्चच्या चौकटींत दोन्ही एकत्र छापले गेल्याने सूर एक वाटला. कारभार हाती आला तेव्हा या दोन टीकांचे काम वेगळे होते. एकाला मैदानावरचा खेळ परत आणायचा होता, दुसऱ्याला खेळाडूच्या हक्काच्या पैशाची सोय लावायची होती.

पहिल्या महिन्यात चित्र बरे दिसले. मे २००८मध्ये इपोहच्या अझलन शाह स्पर्धेत भारत अंतिम फेरीत गेला, अर्जेंटिनाकडून हरला. २००९मध्ये तीच स्पर्धा जिंकली. पण २००९च्या आशिया चषकात, जो चेन्नईत इतक्या दिमाखात जिंकला होता, संघ पाचवा आला. दरम्यान ‘हॉकी इंडिया’ या नावाने नवी संघटना स्थापन झाली आणि हंगामी समितीचे काम संपले. पाच ऑलिंपियन पुन्हा माजी खेळाडूंच्या बाकावर आले.

दुसऱ्या कामाचे काय झाले, याची नोंद पुण्यातच सापडते. जानेवारी २०१०. बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलात विश्वचषकाचे सराव शिबिर चालू होते, खडकीपासून काही मैलांवर. कर्णधार राजपाल सिंग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सरावाला उतरायला नकार दिला. मागणी होती थकलेल्या मानधनाची आणि बक्षिसांची. हॉकी इंडियाने माणशी २५ हजार रुपये देऊ केले. खेळाडूंनी ते नाकारले. संघ बरखास्त करू, अशी धमकी आली. अखेर कलमाडींना मध्ये पडावे लागले, एक कोटी रुपयांची घोषणा झाली आणि मुले मैदानात उतरली. बँकॉकच्या संघाला अकरा वर्षांपूर्वी ज्या विषयाने घरी बसवले, तोच विषय. बदलले होते ते महासंघाचे नाव आणि लेटरहेड. फरक एवढाच पडला की या वेळी विश्वचषक सहा आठवड्यांवर होता आणि तो दिल्लीत होता, म्हणून कोणाला ‘विश्रांती’ देणे शक्य नव्हते. त्या विश्वचषकात भारताने पाकिस्तानला ४-१ असे हरवून सुरुवात केली आणि आठवा क्रमांक मिळवला.

मे २०१०मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल आला. जुन्या महासंघावरची कारवाई रीतसर झाली नव्हती म्हणून न्यायालयाने ती रद्द ठरवली. मार्च २००८च्या चौकटी वाचून ज्यांना सगळे सरळ वाटले असेल, त्यांनी हा निकाल आवर्जून वाचावा. महासंघाचा कारभार वाईट होता की नव्हता, हा प्रश्नच तिथे गौण आहे. एखाद्या संस्थेला तिचे म्हणणे न मांडू देता दूर करता येते का, हा मुख्य. माजी खेळाडूंचा राग खरा होता, आणि त्या रागाच्या लाटेवर केलेली कारवाई कायद्यात टिकली नाही. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. आंतरराष्ट्रीय महासंघाने मात्र हॉकी इंडियालाच धरून ठेवले, त्यामुळे देशात काही काळ दोन संघटना आणि एक संघ अशी अवस्था होती.

आणि मग ५ ऑगस्ट २०१०. हॉकी इंडियाच्या अध्यक्षपदाची निवडणूक. एका बाजूला परगट सिंग. १९९२च्या बार्सिलोना आणि १९९६च्या अटलांटा अशा दोन ऑलिंपिकमध्ये भारताचे नेतृत्व केलेला बचावपटू, गिल यांचा जुना टीकाकार. दुसऱ्या बाजूला हिमाचल प्रदेशच्या काँग्रेस नेत्या विद्या स्टोक्स, ऐंशी पार केलेल्या. मते पडली: स्टोक्स ४१, परगट २१.

या सगळ्या प्रकरणातला सर्वांत प्रामाणिक कागद मला हाच वाटतो. त्यात विशेषणे नाहीत. मतदार होते राज्य आणि इतर संलग्न संघटनांचे प्रतिनिधी. ज्यांची मते दोन वर्षांपूर्वी प्रत्येक वर्तमानपत्राने चौकटीत छापली, त्यांची मतदारयादीत गणना नव्हती. माजी खेळाडूची टीका सार्वजनिक असते आणि संघटनेची मतपेटी खाजगी, आणि २००८पासून २०१०पर्यंतच्या घडामोडींत या दोहोंची गाठ फक्त एकदा पडली. त्या एका वेळी निकाल जवळपास दोनास एक असा लागला.

मार्च २००८मध्ये राजीनामा देऊन बाहेर पडलेले उपाध्यक्ष नरिंदर बात्रा हॉकी इंडियाचे सरचिटणीस झाले, पुढे अध्यक्ष, आणि २०१६मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाचेही अध्यक्ष. टीकाकारांच्या गर्दीतून सत्तेपर्यंत पोहोचलेला माणूस निघाला तो कारभारी, आंतरराष्ट्रीय खेळाडू नव्हे. त्यांच्या काळात २०१३मध्ये हॉकी इंडिया लीग सुरू झाली, परदेशी प्रशिक्षक आले, २०१८पासून ओडिशा सरकार प्रायोजक म्हणून उभे राहिले, आणि २०२१मध्ये टोकियोत एक्केचाळीस वर्षांनी ऑलिंपिक पदक आले. माजी खेळाडूंना कारभार दिला असता तर हेच लवकर झाले असते, असे म्हणणाऱ्यांना कागदपत्रांत आधार सापडत नाही. उलट बाजूही तितकीच खरी. टोकियोच्या आधी २०१२चे लंडन आहे. तिथे भारत सहाच्या सहा सामने हरून बाराव्या, म्हणजे शेवटच्या, क्रमांकावर आला. नव्या संघटनेच्या कारभारातच तो तळ गाठला गेला. तेव्हा पुन्हा फोन झाले, पुन्हा चौकटी छापल्या. धनराज बोलला. आणि या खेपेला टीका करणाऱ्या माजी खेळाडूंच्या रांगेत जोकिम कार्व्हालोही होते.

कार्व्हालोंनी टीका करावी का, असा प्रश्न तेव्हा काहींना पडला. माझ्या मते त्यांचाच अधिकार मोठा होता. मुंबईच्या मैदानांवर खेळून, धनराजसारखा खेळाडू घडवून, संघटनेशी उपोषणापर्यंत भांडून, आणि शेवटी तो तास बाकावर बसून पाहून ते बोलत होते. मार्च २००८च्या चौकटींत असा दोन्ही बाजूंनी पाहिलेला माणूस बोलला असता तर दोहाचे नाव तरी निघाले असते. पण त्या आठवड्यात फोन त्यांना मत विचारायला नव्हे, राजीनामा विचारायला गेला होता.

२३ सप्टेंबर २०२२ रोजी दिलीप तिर्की हॉकी इंडियाचे अध्यक्ष झाले. तीन ऑलिंपिक खेळलेला, अथेन्सला धनराजच्या शेवटच्या ऑलिंपिकमध्ये संघाचा कर्णधार असलेला ओडिशाचा बचावपटू. इतर उमेदवारांनी अर्ज मागे घेतल्याने निवड बिनविरोध झाली, आणि मते मोजण्याची वेळच आली नाही.